न ठरवता घडलेली कृती मराठीत कशी लिहावी

'चेंडू अंगावर येताना पाहून तो सहजप्रवृत्तीने खाली वाकला.' व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य बरोबर आहे, तरी मराठी कानाला ते खटकतं. चेंडू अंगावर येताना कुणी प्रवृत्तीने वाकत नाही, झटकन वाकतो. 'इन्स्टिंक्टिव्हली'ला मराठी शब्द शोधायला गेलं की सहजप्रवृत्तीने, अंतःप्रेरणेने, उपजत, उत्स्फूर्तपणे, अभावितपणे, अनाहूतपणे अशी रांग उभी राहते आणि लिहिणारा त्यातला जो भारदस्त वाटेल तो उचलतो. पण हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. एक जन्मजात गुणाबद्दल बोलतो, दुसरा तयारीविना केलेल्या भाषणाबद्दल, तिसरा बेसावधपणाबद्दल. शिवाय मराठीत हा अर्थ बहुतेक वेळा क्रियाविशेषणात नसतोच, तो क्रियापदात असतो. म्हणून कामाला तिथूनच लागायचं.

आधी क्रियापद तपासा

क्रियापदाशेजारी 'मुद्दाम' ठेवून बघा. 'मुद्दाम दचकला', 'मुद्दाम शहारली', 'मुद्दाम चपापला': तिन्ही ठिकाणी काहीतरी बिनसतं. रंगमंचावर दचकण्याचा अभिनय करणाऱ्या नटापुरतंच ते चालेल. म्हणजे 'न ठरवता' हा अर्थ या क्रियापदांत आधीच मुरलेला आहे. तिथे 'अभावितपणे दचकला' लिहिणं ही पुनरुक्ती. दचकणं, बिचकणं, चपापणं, शहारणं, ठेचकाळणं, भांबावणं यांना क्रियाविशेषणाचं ओझं देऊ नका. उलट 'मुद्दाम हात पुढे केला', 'मुद्दाम मागे वळला', 'मुद्दाम हसली' ही वाक्यं बिनतक्रार बसतात. हात पुढे करणं, वळणं, हसणं या गोष्टी ठरवूनही होतात आणि न ठरवताही, म्हणून अर्थ स्पष्ट करण्याची गरज इथे पडते.

ती गरज भागवायचा पहिला मार्ग म्हणजे जोडीतलं दुसरं क्रियापद. मराठीत अशा जोड्या भरपूर आहेत. पापणी लवते, पण डोळा मिचकावतात. हसू फुटतं, पण हसून दाखवतात. रडू कोसळतं. किंकाळी तोंडून निघते किंवा कुणीतरी फोडतं. एखादी गोष्ट आठवते, किंवा आठवून बघावी लागते. प्रत्येक जोडीतलं पहिलं क्रियापद वापरलं की काम झालं, वेगळं काही सांगावं लागत नाही.

दुसरा मार्ग कर्ता बदलण्याचा. 'त्याने हात मागे घेतला' या वाक्यात माणूस हाताचा मालक आहे. 'त्याचा हात मागे गेला' म्हटलं की मालकी सुटली. पावलं वळली, मान फिरली, मुठी आवळल्या गेल्या, हात आपसूक जोडले गेले. फार उपयोगी युक्ती आहे, पण मात्रा सांभाळावी लागते. एका परिच्छेदात हात, पाय, मान आणि डोळे सगळेच आपापल्या मनाने वागू लागले तर पात्र कळसूत्री बाहुली होतं. परिच्छेदाला एक अवयव पुरे.

तिसरा मार्ग 'ला'चा. 'त्याला हसू आलं', 'तिला राहवेना', 'मला बोलवेना'. कर्त्याला 'ला' लागला की त्याच्या हातात फारसं काही उरत नाही. यातलं 'राहवणं' हे शक्यतादर्शक क्रियापद बहुधा नकारातच येतं: राहवेना, राहवलं नाही, न राहवून. 'न राहवून' मात्र जपून वापरा. त्यात आवरण्याचा प्रयत्न गृहीत असतो. माणसाला आपली ऊर्मी कळली, त्याने ती दाबली, आणि शेवटी बांध फुटला. 'इतका वेळ गप्प बसलेली आत्या न राहवून बोललीच' हे बरोबर. त्यातला 'च' मधली सगळी धडपड दाखवतो. पण चेंडूच्या वाक्यात 'न राहवून वाकला' चालणार नाही, कारण आवरायला तिथे वेळच नव्हता.

चौथा मार्ग सगळ्यात बारीक कामाचा आहे, आणि अनुवादात सगळ्यात जास्त वाया जातो तो हाच. संयुक्त क्रियापदातलं दुसरं क्रियापद बदललं की हेतू बदलतो. 'बोलणं' घेऊन बघा.

'तो खरं काय ते बोलून गेला.' ठरवलं नव्हतं, तोंडून निघालं.

'तो खरं काय ते बोलून बसला.' निघालं, आणि आता निस्तरावं लागणार आहे.

'त्याने खरं काय ते बोलून टाकलं.' ठरवून बोलला, मनावरचं ओझं उतरवलं.

'त्याने खरं काय ते बोलून दाखवलं.' समोरच्याला ऐकवण्याचा हेतू होता.

पहिल्या दोन वाक्यांत 'तो' आहे आणि शेवटच्या दोनांत 'त्याने', हेही पाहण्यासारखं आहे. जाणं आणि बसणं ही अकर्मक क्रियापदं, म्हणून भूतकाळात 'ने' लागत नाही. टाकणं आणि दाखवणं सकर्मक, म्हणून लागतो. व्याकरणाचा नियम आहे, पण कानावर परिणाम वेगळाच होतो: 'ने' आला की कर्ता जबाबदार वाटतो. एक अडचण लक्षात ठेवा. 'तो काहीतरी बोलून गेला' याचा अर्थ 'बोलला आणि निघून गेला' असाही होतो. तसा घोटाळा होण्यासारखा असेल तर 'त्याच्या तोंडून निघून गेलं' किंवा 'बोलता बोलता बोलून गेला' असं लिहा. शिवाय हे 'जाणं' प्रत्येक क्रियापदाशी जमत नाही. बोलून, सांगून, विसरून, करून अशा मोजक्याच ठिकाणी तो अर्थ येतो. 'खाऊन गेला' म्हणजे जेवून गेला, दुसरं काही नाही.

कृती किती लगेच घडली हे दोन घटना जोडणारे शब्द सांगतात. 'ठिणगी उडाली तसे डोळे मिटले', 'पाय घसरताच हात कठड्यावर गेला', 'काही कळायच्या आत तो खाली वाकला होता'. झटकन, चटकन, पटकन या शब्दांनी वेग कळतो, पण वेग म्हणजे अविचार नव्हे. विचार करूनही माणूस झटकन सही करतो. 'तडकाफडकी' तर बहुतेक वेळा निर्णयासोबत येतो, आणि निर्णय हा ठरवूनच घेतात.

तरीही शब्द हवाच असेल तर

एका प्रसंगी, एकदाच, विचार मध्ये न येता घडलेल्या कृतीसाठी सगळ्यात नेमका शब्द 'अभावितपणे'. भावित म्हणजे मनात आणलेलं, कल्पिलेलं. अभावित म्हणजे जे मनात आणलेलंच नव्हतं. 'बोलता बोलता तिने अभावितपणे गळ्यातल्या साखळीला हात लावला.' इथे कृती छोटी आहे, चूक नाही, गुण नाही, आणि करणाऱ्याचं तिकडे लक्षही नाही. नेमकी याच मापाची कृती या शब्दाला शोभते. तो पुस्तकी आहे हे मात्र खरं. कथेतल्या निवेदनात, लेखात, चरित्रात छान बसतो, पण पात्राच्या तोंडी घातला की पात्र लगेच भाषण देऊ लागतं. बोलताना माणसं म्हणतात: 'काही कळायच्या आत', 'माझ्याही नकळत', 'एकदम तोंडातून गेलं', 'कसं काय कुणास ठाऊक, हात पुढे गेला'.

'अभावितपणे'च्या शेजारी दोन शब्द उभे असतात आणि त्यांची अदलाबदल सर्रास होते. 'अनाहूत' म्हणजे न बोलावलेला: अनाहूत पाहुणा, अनाहूत सल्ला. 'अनाहूतपणे त्याच्या तोंडून निघालं' असं बरेच जण लिहितात आणि वाचकाला अर्थ कळतोही, पण काटेकोर संपादक तिथे काट मारतो, कारण शब्द आमंत्रणाचा आहे, विचाराचा नाही. एखादा विचार किंवा आठवण न बोलावता मनात शिरली तर 'अनाहूत' हक्काने लिहा. (नादाबरोबर येतो तो 'अनाहत', आघाताविना उमटलेला, त्याचा इथे काही संबंध नाही.) दुसरा शब्द 'अनवधानाने'. अवधान म्हणजे लक्ष. ते नव्हतं म्हणून चूक झाली, असा त्याचा अर्थ. 'अनवधानाने तारीख चुकीची पडली' बरोबर. 'अनवधानाने त्याने पडणाऱ्या बाळाला झेललं' हे विनोदी, कारण त्यात बाळाला झेलणं ही चूक ठरते. त्या प्रसंगाला वर्तमानपत्रं 'प्रसंगावधान' म्हणतात. त्यात सावधपणाचं कौतुक असतं, म्हणून झेलणाऱ्याला खरोखर विचार करायला क्षणभर तरी मिळाला असेल तरच तो शब्द शोभतो.

'नकळत' हा त्यातला सगळ्यात घरगुती आणि सगळ्यात फसवा शब्द. कुणाला कळलं नाही, हे तो स्वतः सांगत नाही. 'त्याच्या नकळत तिने पाकीट काढलं' म्हणजे त्याला पत्ता लागू न देता, पूर्ण शुद्धीत, ठरवून काढलं. 'नकळत तिचा हात पाकिटाकडे गेला' म्हणजे तिलाच कळलं नाही. आणि 'तिने नकळत पाकीट काढलं' हे वाक्य दोन्हीकडे डोलतं. तक्रारीत, जबाबात, बातमीत असं वाक्य गेलं तर एका माणसाची चोरी ठरते किंवा सुटते. म्हणून 'नकळत'च्या आधी कुणाच्या ते लिहा: 'तिच्याही नकळत', 'त्याच्या नकळत'. 'नकळतपणे'मधला 'पणे' तसा फाजील आहे, 'नकळत' स्वतःच क्रियाविशेषण आहे. पण तो इतका रुळला आहे की त्यावरून भांडण्यात अर्थ नाही. 'अजाणता' वेगळा: कृती कळून केलेली असते, तिचं मोल किंवा परिणाम माहीत नसतो. लहान मूल अजाणता कुणाचं मन दुखावतं.

आणखी एक सापळा 'सहज'चा. 'सह' म्हणजे सोबत, 'ज' म्हणजे जन्मलेलं. व्युत्पत्ती बघितली तर जन्माबरोबर आलेलं, म्हणजे अगदी हवा तोच अर्थ. पण रोजच्या मराठीत 'सहज' म्हणजे खास कारण नसताना ('सहज आलो होतो') किंवा कष्टाविना ('सहज जमलं'). 'आवाज ऐकून तो सहज मागे वळला' वाचताना माणूस फिरायला निघालेला दिसतो, घाबरलेला नाही. 'सहजपणे' म्हणजे सोपेपणाने. 'सहजगत्या'त योगायोगाची छटा येते. आणि त्यातलं 'गत्या' ही संस्कृत तृतीयाच असल्याने त्याला पुन्हा 'ने' लावायचा नाही. 'सहजासहजी'ला बहुधा नकार लागतो: सहजासहजी मिळत नाही, सुटत नाही, ऐकत नाही. थोडक्यात, अचानक घडलेल्या कृतीजवळ यातला एकही आणू नका.

जन्माचं आणि सरावाचं वेगळं ठेवा

'उपजत' हा शब्द उपजणे म्हणजे जन्मणे यावरून आला. तो गुणाला, जाणिवेला, ओढीला लागतो: उपजत जाण, उपजत भीती, उपजत सूर. क्रियापदाबरोबर आणायचा तर ते क्रियापद टिकाऊ स्थितीचं हवं: 'तिला लय उपजतच कळते'. 'तो उपजतच खाली वाकला' हे चुकलं, कारण वाकणं एका क्षणाचं आणि उपजत आयुष्यभराचं. 'उपजतपणे' असं रूप बनवलेलं दिसतं तिथे बहुतेक वेळा हीच चूक दडलेली असते. 'उपजतच' लिहून बघा, वाक्य उभं राहिलं नाही तर शब्दच चुकला आहे.

'जात्याच' त्याचा सख्खा भाऊ. जाति म्हणजे जन्म, त्याचं तृतीयेचं रूप 'जात्या', अर्थात 'जन्माने'. 'तो जात्याच अबोल आहे.' 'मुळातच', 'स्वभावतः', 'अंगचाच' हे याच घरातले. 'त्याचा पिंडच तो' म्हटलं की गुणावगुण दोन्ही झाकले जातात. 'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात' ही म्हणही याच पंगतीतली.

आता याच्या उलट बाजूचे शब्द, जे चुकून याच अर्थाने वापरले जातात. 'बाळकडू' हे तान्ह्या मुलाला पाजायचं कडू औषध. एखाद्या गोष्टीचं बाळकडू मिळालं म्हणजे ती फार लहानपणी कुणीतरी पाजली. ती उपजत नाही. 'तिला गाण्याचं उपजत बाळकडू मिळालं' या वाक्यात दोन शब्द एकमेकांच्या पायात येतात. 'अंगवळणी पडणं', 'हात बसणं', 'हाडीमांसी खिळणं' ही सरावाची फळं. अनुभवी चालक ब्रेक दाबतो, यष्टिरक्षक झेल टिपतो, टंकलेखक न बघता कळ शोधतो, त्या क्षणी विचार नसतो हे खरं. पण त्यामागे हजारो वेळा केलेली तीच कृती असते. त्यांच्यासाठी 'हात बसलेला होता म्हणून' किंवा 'सवयीने' हेच प्रामाणिक. 'उपजत' म्हटलं तर त्यांचे कष्ट पुसले जातात.

विज्ञानविषयक मजकुरात ही रेघ आणखी कडक आहे. तापलेल्या भांड्याला बोट लागतं आणि हात मागे येतो ती 'प्रतिक्षिप्त क्रिया'. संवेदना चेतातंतूंतून मेरुरज्जूपर्यंत जाते आणि स्नायूंना आज्ञा तिथूनच सुटते. मेंदूला वेदनेची खबर त्यानंतर पोहोचते. म्हणून 'चटका बसला असं वाटून त्याने हात मागे घेतला' हा क्रम उलटा आहे. 'हात मागे आला, मग चटका जाणवला' असं लिहिलं तर शास्त्रही सांभाळलं जातं आणि वाक्यही जिवंत होतं. गुडघ्याखाली हातोडी मारल्यावर पाय उडणं, प्रखर उजेडात डोळ्याची बाहुली आकसणं, तान्ह्या बाळाने तळहाताला लागलेलं बोट मुठीत धरणं, ही सगळी प्रतिक्षिप्त. शेवटची क्रिया पहिल्या काही महिन्यांत ओसरते, नंतरचं धरणं ठरवून केलेलं असतं.

'सहजप्रेरणा' किंवा 'सहजप्रवृत्ती' ही संज्ञा याहून मोठ्या, साखळीसारख्या वर्तनासाठी आहे: कोळ्याने जाळं विणणं, अंड्यातून निघालेल्या कासवाच्या पिलांनी समुद्राकडे धाव घेणं. ठळक उदाहरण ग्रेलॅग जातीच्या हंसिनीचं. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कॉनराड लोरेन्झ आणि निको टिनबर्गन यांनी १९३८ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. घरट्याबाहेर घरंगळलेलं अंडं ती चोचीखाली धरून आत ओढते; मध्येच ते अंडं काढून घेतलं तरी ओढण्याची हालचाल घरट्यापर्यंत पूर्ण करते. (दोघांना १९७३ मध्ये कार्ल फॉन फ्रिश यांच्यासह नोबेल मिळालं.) अंडं नसताना पुरी होणारी ही हालचाल बघितली की 'सहजप्रवृत्तीने' हा शब्द चेंडू चुकवणाऱ्या माणसाला का शोभत नाही ते कळतं. प्राण्यांबद्दल आणि मानसशास्त्राबद्दल लिहिताना तो ठेवा, कथेतून काढा. आणि नुसतं 'प्रेरणेने' लिहू नका. आजच्या मराठीत प्रेरणा कुणाकडून तरी मिळते.

उत्स्फूर्त

हा शब्द वर्तमानपत्रांनी इतका वापरला की त्याची धार गेली. मनातून आपोआप उसळलेलं, आधी तयारी नसलेलं, ते उत्स्फूर्त: भाषण, दाद, कविता, मोर्चा. छटा नेहमी बरी. 'त्याने उत्स्फूर्तपणे गल्ला फोडला' वाचून हसू येतं ते त्यामुळेच. 'उत्स्फूर्त कार्यक्रमाचं आयोजन' हा उघड विरोधाभास आहे, आयोजन झालं की उत्स्फूर्तता संपली. 'स्वयंस्फूर्तीने' म्हणजे कुणी न सांगता; त्यात विचार आणि तयारी दोन्ही असू शकते. रक्तदानाला माणूस स्वयंस्फूर्तीने जातो, रिकाम्या पोटी जायचं नाही एवढा विचार करून. साध्या भाषेत यालाच 'आपणहून' म्हणतात आणि तो शब्द कितीतरी गोड आहे.

आतून वाटणं आणि ऊर्मी

'या माणसावर विश्वास ठेवू नये असं तिला आतून वाटलं.' ही कृती नाही, कौल आहे. त्याला जड शब्द 'अंतःप्रेरणा', हलके शब्द पुष्कळ: मन सांगत होतं, मन ग्वाही देईना, मन कचरत होतं, शंकेची पाल चुकचुकली. शेवटचा वाक्प्रचार फक्त वाईटाच्या शंकेला चालतो. आता लॉटरी लागणार म्हणून पाल चुकचुकत नाही. कारण देता येत नाही पण वाटलं ते खरं होतं, असं सुचवायचं तर 'का कोण जाणे'. ते वाटणं पोकळ होतं असं सुचवायचं तर 'उगाचच'. 'कुणकुण' आणि 'सुगावा' यांना मात्र बाहेरून काहीतरी लागतं, कुणाचं बोलणं, एखादा धागा. 'चाहूल'लाही पावलांचा का होईना आधार असतो. माहिती मिळाली असेल तर ती अंतःप्रेरणा नव्हे.

आवेगाने केलेल्या कृतीचे शब्द वेगळे, आणि त्यांत लिहिणाऱ्याचा निवाडा लपलेला असतो. 'रागाच्या भरात' आणि 'भावनेच्या भरात' थोडी सवलत देतात. 'तिरीमिरीत उठून गेला' यात राग आणि चाल दोन्ही दिसतात. 'हुक्की आली' म्हटलं की प्रकरण निरुपद्रवी ठरतं, 'लहर लागली' त्याहून थोडं लाडावलेलं. 'मागचापुढचा विचार न करता' हा शब्दप्रयोग शूरालाही चालतो आणि मूर्खालाही, बाकीचं वाक्य निकाल देतं. 'आततायीपणे' मात्र आरोप आहे. संस्कृतात आततायी म्हणजे घर पेटवणारा, विष घालणारा, शस्त्र उगारून आलेला गुन्हेगार. मराठीत तो उतावळ्या अविचारीपणापर्यंत उतरला, तरी त्याचा डंख पूर्ण गेलेला नाही.

लिहिताना अडणारी अक्षरं

'उत्स्फूर्त'मध्ये 'त्' आहे आणि 'फू' दीर्घ आहे. उस्फूर्त, उत्स्फुर्त ही दोन्ही रूपं चुकीची. स्फूर्ती, मूर्ती, पूर्ती यांत रफाराआधी दीर्घ. पण स्फुरण, स्फुरणे, स्फुरले यांत ऱ्हस्व. 'ऊर्मी'चा ऊ दीर्घच. 'आपसूक'चा सू दीर्घ. 'अंतःप्रेरणा'त विसर्ग लागतो, अंतर्प्रेरणा नाही: पुढे क, ख, प, फ किंवा स असेल तर विसर्ग (अंतःकरण, अंतःपुर, अंतःस्फूर्ती), मृदू व्यंजन असेल तर रफार (अंतर्ज्ञान, अंतर्मन). विसर्गाच्या जागी कळफलकावरचं अपूर्णविरामाचं चिन्ह टंकलं जातं ते टाळा, शोध घेताना शब्द सापडत नाही. 'हेतुपुरस्सर' या उलट अर्थाच्या शब्दात 'स' दोनदा येतो.

एक परिच्छेद दुरुस्त करून

मूळ: 'पायरीवरून पाय घसरताच तिने सहजप्रवृत्तीने कठडा पकडला. तिच्या उपजत भावनेने तिला सांगितले की मागे कोणीतरी आहे. ती अनाहूतपणे दचकली आणि उत्स्फूर्तपणे ओरडली.'

दुरुस्त: 'पाय घसरला तसा तिचा हात कठड्यावर गेला. मागे कुणीतरी आहे असं का कोण जाणे वाटलं. वळून बघितलं आणि ती दचकली. तोंडून किंकाळी निघून गेली.'

पाच ठिकाणी फरक पडला. 'घसरला तसा' आणि 'हात गेला' यांनी 'सहजप्रवृत्तीने'चं काम केलं. 'भावनेने सांगितले' ही मराठी रचनाच नव्हे. वाटलं, एवढं पुरतं. 'दचकली'ला सोबत लागत नाही. मात्र ती कशाने दचकली हे मूळ लेखकाने सांगितलंच नव्हतं, म्हणून 'वळून बघितलं' घालावं लागलं. क्रियाविशेषणं काढली की अशी भोकं उघडी पडतात, ती बुजवणं हाही दुरुस्तीचाच भाग. आणि 'उत्स्फूर्तपणे ओरडली'च्या जागी किंकाळी 'निघून गेली'. 'तिने किंकाळी फोडली' लिहिलं असतं तर कुणाला तरी ऐकू जावी असा अर्थ डोकावला असता. पुढच्या ओळीत शेजारी धावत येणार असतील तर तेच ठेवा.